भूमिका आणि जगणे : स्त्रीवाद व पारलिंगी चळवळ यांच्यातील वादासंबंधी

१

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीत डिसेंबर २०२० मध्ये अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज दाखल केला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो फेटाळला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज ग्राह्य धरण्याचा आदेश दिला. अर्जदाराने स्त्री ही ओळख कायमची पत्करली आहे व राखीव जागेच्या मोहाने ती पुढे बदलली जाणार नाही, अशी अटही त्या आदेशात आहे. पुढे मतदान झाले आणि गावाने त्यांना निवडून दिले.

हा निर्णय आला त्याच्या अठरा वर्षे आधी, २००३ मध्ये, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने याच प्रश्नाचे नेमके उलट उत्तर दिले होते. कटनी शहराचे महापौरपद स्त्रियांसाठी राखीव होते व त्यावर कमला जान निवडून आल्या होत्या. त्या कायद्याच्या दृष्टीने पुरुष ठरतात म्हणून त्यांची निवड रद्द ठरली. या दोन निर्णयांच्या मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा 'नालसा' खटल्यातील निर्णय आहे आणि २०१९ चा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार या दोहोंच्या मधल्या काळात मान्य झाला. तथापि कायद्याने प्रश्न सुटला म्हणजे विचाराने सुटला, असे होत नाही.

भादलीच्या जागेला आणखी एक इतिहास आहे. याच जळगाव जिल्ह्यात विटनेर येथे १९८९ मध्ये शेतकरी महिला आघाडीच्या स्त्रियांनी सर्वच्या सर्व स्त्री-सदस्य असलेली ग्रामपंचायत निवडून आणली होती. घटनेची ७३ वी दुरुस्ती तेव्हा व्हायची होती. पंचायतीतील एक-तृतीयांश जागा, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा, स्त्रियांना मिळाल्या त्यामागे अशा अनेक गावांतील स्त्रियांचे धाडस आहे. म्हणून एखादी कार्यकर्ती जेव्हा विचारते की, 'जी जागा बाईच्या जन्माने भोगलेल्या बंधनांची भरपाई म्हणून मिळाली, ती बाईच्या जन्माला न आलेल्या व्यक्तीने का घ्यावी?' तेव्हा तो प्रश्न द्वेषातूनच आला आहे असे धरून चालणे अन्यायाचे होईल. त्याचप्रमाणे, कोणत्याही प्रभागात जिच्यासाठी रकानाच नव्हता अशा व्यक्तीने 'मग मी उभी कोठे राहू?' असे विचारले, तर तोही प्रश्न टाळता येत नाही. या दोन प्रश्नांतील ताण खरा आहे. तो 'सर्वसमावेशकता' या गुळगुळीत शब्दाखाली झाकण्यापेक्षा त्याचे मूळ शोधणे अधिक उपयोगाचे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आणि ते मूळ शोधताना मराठी वाङ्मय व रंगभूमी यांचा मोठा आधार होतो.

२

पाश्चात्त्य देशांत हा वाद जुना आहे. जॅनिस रेमंड यांच्या १९७९ सालच्या 'द ट्रान्ससेक्शुअल एम्पायर' या ग्रंथाने त्याला सैद्धांतिक रूप दिले, सँडी स्टोन यांनी १९८७ मध्ये त्याला उत्तर दिले, आणि एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील २०१० च्या समानता कायद्यापुरता 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जैविक लिंगाशी बांधला. आपल्याकडील चर्चा पुष्कळदा याच वादाची उसनवारी करते. परंतु मराठी स्त्रीच्या मनातील शंकेला रेमंडबाईंची गरज नाही. तिची मुळे आपल्याच रंगभूमीत आहेत.

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाचा काळ हा स्त्रीवेषधारी नटांचा काळ होता. नारायणराव राजहंस उर्फ बालगंधर्व यांच्या लुगड्याची, केशरचनेची आणि चालण्याची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. या कौतुकात एक गोष्ट नजरेआड होते. बालगंधर्व ज्या रंगमंचावर रुक्मिणी आणि सिंधू होत होते, त्या रंगमंचावर घरंदाज स्त्रीला पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती आणि गाणाऱ्या घराण्यांतील स्त्रीला प्रतिष्ठा नव्हती. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि हिराबाई बडोदेकरांनी स्वतःच्या मंडळीतून स्त्रियांना रंगमंचावर आणले, तेव्हा कोठे ही कोंडी फुटू लागली. म्हणजे आदर्श स्त्री कशी असावी हे पुरुषाने वठवून दाखवावे आणि स्त्रीने ते प्रेक्षागृहात बसून शिकावे, असा हा व्यवहार होता. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली तीही याच जातीच्या व्यवहाराविरुद्ध: स्त्री म्हणजे काय हे पुरुषांनी ठरवायचे, ही मक्तेदारी त्यांना मोडावयाची होती.

हा अनुभव गाठीशी असलेल्या स्त्रीवादाला 'मी स्त्री आहे' असे पुरुषदेहात वाढलेल्या कोणी म्हणताच सावध व्हावेसे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे. पण समजण्यासारखे म्हणजे बरोबर नव्हे. येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. बालगंधर्वांची स्त्री ही भूमिका होती. पडदा पडला की लुगडे उतरे आणि नारायणराव पुरुषाच्या सर्व प्रतिष्ठेसह घरी जात. याच्या उलट टोकाला तमाशातला नाच्या आहे. आनंद यादव यांच्या 'नटरंग'मधील गुणा रंगमंचावरून उतरला तरी नाच्याच राहतो. गाव त्याला भूमिका उतरवू देत नाही, आणि त्याची किंमत त्याला देहाने मोजावी लागते. एकाला गंधर्व म्हणणारा आणि दुसऱ्याची हेटाळणी करणारा समाज एकच आहे. मध्ये फक्त जात आणि थिएटर बदलते. आणि या दोघांच्याही पलीकडे ज्याच्या आयुष्यात पडदा पडतच नाही असा एक माणूस आहे. तो म्हणजे यल्लम्माचा जोगता.

३

सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला जमदग्नीच्या मृत्यूचे दुःख म्हणून बांगड्या फुटतात, आणि माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा चुडा भरला जातो. हे वैधव्य आणि हे अहेवपण जोगतिणीही पाळतात आणि लुगडे नेसणारे जोगतेही पाळतात. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात देवीला सोडलेली मुलगी जोगतीण होते, तर देवीने 'धरलेला' मुलगा जोगता किंवा कानडी मुलखात जोगप्पा होतो. एकाच देवीचा भंडारा दोघांच्या कपाळी, एकच जग दोघांच्या डोक्यावर. स्त्रीवाद आणि पारलिंगी चळवळ यांचा प्रश्न एकाच अंगणात पाहावयाचा असेल तर तो येथे पाहावा.

मराठी कादंबरीने तो पाहिला. राजन गवस यांनी ऐंशीच्या दशकात 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीच्या केंद्रस्थानी देवीला सोडलेली मुलगी आहे, दुसरीच्या केंद्रस्थानी जोगता. एकाच लेखकाने एकाच प्रथेची ही दोन अंगे स्वतंत्र कादंबऱ्यांतून मांडावीत, ही घटना आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतली आहे असे वाटत नाही. पुढे या कादंबऱ्यांच्या व चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेच्या आधारे राजीव पाटील यांनी २००९ मध्ये 'जोगवा' हा चित्रपट केला आणि दोन्ही पात्रे परस्परांसमोर आणली. चित्रपटाने ते केले खरे, परंतु एक बाजू घेऊन. त्यातला तायप्पा हा लुगडे नेसायला भाग पाडलेला पुरुष आहे आणि पुरुषपण परत मिळविणे ही त्याची मुक्ती आहे. देवदासीप्रथेविरुद्ध लढलेल्या सुधारकांची दृष्टी हीच होती. ज्याच्यावर खरोखर असे लुगडे लादले गेले त्याच्या बाबतीत ती योग्यही आहे. पण ज्या जोगत्याला लुगड्यातच स्वतःचा देह सापडला, त्याच्यासाठी या दृष्टीत जागा नाही. कर्नाटकातील मंजम्मा जोगती २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची 'सुटका' करून त्यांना पुरुष बनवावे, असे कोणता सुधारक म्हणेल?

सत्तरच्या दशकापासून गडहिंग्लज-निपाणी परिसरात उभ्या राहिलेल्या देवदासी चळवळीने हजारो स्त्रियांना माणूस म्हणून बोलावयास शिकविले. तिच्याच रेट्याच्या काळात कर्नाटकाने १९८२ मध्ये देवदासी समर्पणबंदीचा कायदा केला. त्या कायद्याच्या व्याख्येत देवदासी म्हणजे स्त्री, आणि समर्पण म्हणजे स्त्रीचे समर्पण. तेव्हाच्या स्त्रियांच्या दुःखाची निकड पाहता ही व्याख्या स्वाभाविक होती. परंतु तिचा परिणाम असा झाला की, एकाच डोंगरावर एकाच दिवशी सोडलेल्या दोन मुलांपैकी एकाचे समर्पण गुन्हा ठरले आणि दुसऱ्याचे ठरले नाही. एक पुनर्वसनास पात्र झाली आणि दुसरा कोणाच्याच यादीत आला नाही. 'स्त्री' या शब्दाची सीमा जेथे आखली जाते तेथे कोणी तरी बाहेर उभे असते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला शोधूनही मिळणार नाही.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. अलीकडे पारलिंगी चळवळीच्या लेखनात जोगती परंपरा ही अभिमानाची बाब म्हणून येते: आमच्या संस्कृतीत आम्हांला देवत्व होते, असा तिचा सूर असतो. अपमानाच्या शतकांनंतर असा पूर्वज शोधावासा वाटणे मानवी आहे. पण त्याच देवत्वाच्या नावाने दलित कुटुंबांतील मुलींचे देह गावाच्या स्वाधीन केले गेले. जोगत्याला जी परंपरा आश्रय वाटते तीच जोगतिणीला दावे वाटली असेल, तर आश्रयाचे गुणगान करताना दाव्याचा उल्लेख वगळता येणार नाही. स्त्रीवादाने जोगत्याला वगळले आणि पारलिंगी चळवळीने जोगतिणीला विसरावे, हा हिशेब चुकता करण्याचा मार्ग नव्हे.

४

या वादाला भाषेचे एक अंग आहे आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकांना त्यात विशेष रस वाटावा. बेंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरमच्या बाजारात तमिळ, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा कानी पडतात. या तिन्ही भाषांत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत भेद नाही. प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठीत 'मी' उच्चारून पुढचे क्रियापद आले की बहुधा निवड करावी लागते. तमिळनाडूत जन्मलेल्या आणि बेंगळुरूत दीर्घकाळ कार्य केलेल्या ए. रेवती यांचे आत्मकथन आणि लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' ही पुस्तके शेजारी ठेवली तर हा फरक ध्यानात येईल. तमिळभाषक निवेदकाला जे मौन व्याकरणच बहाल करते, ते मराठी निवेदकाला मिळत नाही. बालपणाची हकीकत सांगताना 'मी शाळेत जात होतो' म्हणावे की 'जात होते' म्हणावे, हा मराठीत केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. संपूर्ण वाद त्या एका मात्रेत साठलेला असतो. आणि इंग्रजी अनुवादात तो समूळ नाहीसा होतो. भारतीय साहित्याचा अभ्यास इंग्रजी अनुवादांच्या आधारे करणाऱ्यांनी या हानीची नोंद घ्यावी.

पण मराठीचे व्याकरणही वाटते तितके कठोर नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या विराण्यांतील 'मी' स्त्रीलिंगी आहे आणि वारकरी संप्रदायाला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याहून बोलके उदाहरण बोलीचे आहे. कोल्हापूरकडील बायका सर्रास 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याच्या माणसाला त्याचे हसू येते; पण त्या बोलीतल्या स्त्रीचे स्त्रीत्व त्या क्रियापदामुळे रतिभरही कमी होत नाही. यल्लम्माच्या याच मुलखात जोगतीण 'मी आलो' म्हणते आणि तिच्या शेजारी उभा असलेला लुगड्यातला जोगताही 'मी आलो' म्हणतो. क्रियापद दोघांचे एक. आयुष्ये मात्र दोन, आणि दोन्ही ऐकून घेण्याजोगी. भाषेतील चिन्ह आणि माणसाचे जगणे यांचे नाते एकास एक नसते, हे ग्रामीण बोलीला जितके सहज कळते तितके ते आपल्या वादपटूंना कळत नाही.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. रेवती यांचे आत्मकथन 'द ट्रूथ अबाउट मी' या नावाने २०१० मध्ये इंग्रजीत आणले ते व्ही. गीता या नामवंत स्त्रीवादी विदुषीने. लक्ष्मी यांच्या मराठी आत्मकथनाचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले. पारलिंगी आत्मकथनाची ही दोन महत्त्वाची पुस्तके स्त्रियांच्या हातांतून वाचकांपर्यंत आली आहेत. सभेच्या व्यासपीठावर जी फारकत दिसते ती लेखनाच्या मेजावर दिसत नाही.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्त्रियांसाठी असलेली तरतूद कोणाची? याचे एकच सरसकट उत्तर शोधण्याच्या हट्टामुळे वाद चिघळतो, असे माझे मत आहे. प्रत्येक तरतूद कोणत्या हानीवर उपाय म्हणून आली हे विचारले, तर उत्तरे निरनिराळी आणि बरीच सोपी होतात.

हिंसेचा प्रश्न घ्या. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अशी शिफारस केली होती की, लैंगिक अत्याचाराचा बळी कोणत्याही लिंगाची व्यक्ती असू शकते हे कायद्याने मानावे, आरोपी मात्र पुरुषच राहावा. फेब्रुवारीच्या अध्यादेशाने दोन्ही बाजूंना 'व्यक्ती' हा शब्द घातला. यामुळे अत्याचारित स्त्रीवरच उलट बलात्काराचा आरोप ठेवता येईल, या रास्त भीतीने स्त्रीसंघटनांनी विरोध केला. मार्चमध्ये संमत झालेल्या कायद्यात 'पुरुष' व 'स्त्री' हे शब्द परत आले आणि समितीची समतोल शिफारस हरवली. स्त्रिया वाचल्या, पारलिंगी बळी मात्र कायद्याबाहेर राहिला. २०१९ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारास सहा महिने ते दोन वर्षे इतकीच शिक्षा ठेवली. त्या वेळी स्त्रीवरील बलात्काराची किमान शिक्षा दहा वर्षे होती. एका देहाची किंमत दुसऱ्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीही नसावी, हे स्त्रीवादाला मान्य होण्याजोगे नाही. हिंसा करणारा समोरच्याचे जन्मप्रमाणपत्र पाहत नाही. याच न्यायाने मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी स्त्रीस कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण मिळू शकते असा निर्णय दिला. त्याने कोणत्याही स्त्रीचे काही गेले नाही. आणि मुलगी म्हणून वाढलेल्या, घरात कोंडल्या गेलेल्या, लग्नाची सक्ती झालेल्या पारलिंगी पुरुषाला तर स्त्रीचळवळीवाचून दुसरे दार नाही. या वादात त्याची आठवण दोन्ही पक्षांना क्वचितच होते.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे जागा मोजक्या असतात आणि एकाला मिळाली की दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून पारलिंगी व्यक्तींना स्वतःचा स्वतंत्र वाटा मिळणे हाच टिकाऊ मार्ग होय. कर्नाटकाने २०२१ मध्ये राज्यसेवेत प्रत्येक प्रवर्गातून एक टक्का जागा त्यांच्यासाठी ठेवल्या, हे त्या दिशेचे पाऊल आहे. परंतु जोवर असा वाटा नाही तोवर भादलीचा मार्ग रास्त मानला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. नोंद अपुरी आहे असे धरून आकडा दसपट केला, तरी अकरा कोटींच्या राज्यात स्त्रियांच्या जागा त्यामुळे ओस पडतील ही भीती टिकत नाही. स्त्रियांच्या राखीव जागांवर पतीने वा सासऱ्याने कारभार करावा हा अनुभव गावोगावचा आहे. स्त्रीचे पद बळकावणारा खरा प्रतिस्पर्धी ओळखावयाचा असेल तर नजर तिकडे वळवावी.

राज्यसत्तेने या दोन्ही समूहांकडे कसे पाहिले, हे पाहिले तर त्यांच्यातील नाते अधिक उघड होते. इंग्रज सरकारने १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने बाजारातील स्त्रियांची नोंदवही घातली आणि तीनच वर्षांनी, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, हिजड्यांची. एकशेचाळीस वर्षांनंतर, २०११ मध्ये, कर्नाटक पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालून पोलीस आयुक्ताला हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार पुन्हा देण्यात आला. न्यायालयात आव्हान दिले गेल्यावर पुढे त्यातील तो उल्लेख बदलला. 'नालसा' निर्णयाला वर्षही झाले नव्हते तोच, नोव्हेंबर २०१४ मध्ये, बेंगळुरूच्या रस्त्यांवरून पारलिंगी व्यक्तींना उचलून भिक्षेकरी गृहात टाकण्यात आले. ज्या पोलिसी हाताने एकीचे नाव वहीत लिहिले त्याच हाताने दुसरीचे लिहिले. त्या हाताला दोघींतील सैद्धांतिक भेदाशी काही कर्तव्य नव्हते.

याचा अर्थ मतभेद मिटवून टाकावेत असा नाही. बाईच्या जन्माने येणारा अनुभव वेगळा आहे आणि तो वेगळा म्हणण्याचा अधिकार स्त्रीवादाने सोडू नये. ते म्हणताना दुसऱ्याच्या जगण्याला 'सोंग' मात्र म्हणू नये. बालगंधर्वांचे सोंग होते, जोगत्याचे नाही. हा भेद ज्याला कळला त्याला स्त्रीवादी शंकेचे मूळही कळेल आणि तिची मर्यादाही कळेल. आपल्या विद्यापीठांत 'चौंडकं' स्त्रीवादी वाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेत आणि 'भंडारभोग' लिंगभाव-अभ्यासाच्या अभ्यासपत्रिकेत अशी वाटणी करणे सोयीचे असेल, पण त्या कादंबऱ्या ज्या डोंगराविषयी आहेत तेथे अशी वाटणी नव्हती. त्या एकाच सत्रात, एकाच वर्गात, एकमेकींच्या उजेडात वाचल्या जाव्यात. एकीने दुसरीला विचारलेले प्रश्न विद्यार्थ्यांना तेथे ऐकू येतील, आणि त्यांची उत्तरे त्यांना लंडनमधून मागवावी लागणार नाहीत.

के. आर. पुरम, बेंगळुरू